टीपॉयच्या काचेवरची म्हातारी

मे महिन्यातले सव्वीस दिवस आमच्या घरात टीपॉय नव्हता. म्हणजे सांगाडा होता, काच नव्हती. काच जुन्या दिवाळी अंकांच्या दोन चळतींवर आडवी पडली होती. तिच्याखाली एलईडीचं पॅनल, वर बटर पेपर आणि बटर पेपरवर काळ्या कार्डशीटची वीतभर म्हातारी. आल्या-गेल्याला चहाचा कप हातात धरूनच प्यावा लागायचा आणि पंखा लावायला सक्त मनाई होती. डोंबिवलीत, मे महिन्यात!

याला कारण एक जर्मन बाई. सुट्टीला पुतण्या आला होता. त्याला आणि माझ्या मुलीला आरडाओरडा नसलेलं काहीतरी दाखवावं म्हणून मी लोटे रायनिगरचा ‘द अॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स आखमेद’ लावला. १९२६ सालचा मूकपट, पासष्ट मिनिटांचा. आज पाहायला मिळणारा जगातला सगळ्यात जुना पूर्ण लांबीचा अॅनिमेशनपट हाच. अर्जेंटिनात १९१७ साली एक निघाला होता, पण त्याची प्रत उरलेली नाही. गोष्ट अरबी सुरस कथांमधली. उडता घोडा, जादूगार, अल्लाउद्दीन, चेटकीण, सगळे आहेत आणि सगळे नुसत्या काळ्या सावल्या. पहिली दहा मिनिटं पोरं चुळबुळत होती. पुढे जादूगार आणि चेटकीण रूपं बदलत एकमेकांवर तुटून पडतात, तिथे दोघंही सोफ्यावरून खाली उतरून टीव्हीसमोर जाऊन बसली. संपल्यावर मुलगी म्हणाली, “हे तर कागदाचंच आहे. आपण करू.”

‘कागदाचंच’ हे बरोबर होतं. ‘आपण करू’ म्हणजे काय, ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

रायनिगर बाईंना १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षं लागली. लुई हागेन नावाच्या बँकरने जर्मनीतल्या त्या भयंकर महागाईत पैसे बुडू नयेत म्हणून कच्ची फिल्म विकत घेऊन ठेवली होती. तो सौदा काही फळला नाही. मग त्याने बाईंना सांगितलं, या फिल्मवर मोठा चित्रपट करा. पॉट्सडॅमला त्याच्या घराजवळच्या गॅरेजवर माळा होता, तिथे स्टुडिओ थाटला. काचेचं टेबल, खालून दिवा, वर छताकडे कॅमेरा. कागदी बाहुली किंचित हलवायची, एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, घ्यायची, पुन्हा किंचित हलवायची. अडीच लाखांच्या आसपास फ्रेम घेतल्या, त्यातल्या सुमारे ९६,००० चित्रपटात आल्या. हे आकडे वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला आणि मुलांना म्हटलं, “आपण दीड-दोन मिनिटांचं करू हं.”

गोष्ट कुठली घ्यायची यावर वाद झाला नाही. भोपळ्यातली म्हातारी. सावलीत ओळखू येतील अशी पात्रं हवीत, आणि नऊवारी, अंबाडा, काठी, पुढे कोल्हा आणि वाघ हे कुणालाही बाजूने बघून ओळखू येतं. शिवाय ‘लेकीकडे जाते, तूपरोटी खाते’ हे चिरंजीव पुतण्याला सोडून घरात सगळ्यांना पाठ होतं. त्याची शाळा इंग्रजी माध्यमाची. त्याने ते एका संध्याकाळी पाठ केलं, आणि पुढचे चार दिवस जेवताना म्हटलं.

कापण्यापासूनच पंचाईत सुरू झाली. मी सुरुवातीला कात्री फिरवत होते. म्हातारीचं नाक कापताना कात्री वळवली की नाकाला कोपरा यायचा. रायनिगर बाई काम करतानाचं जुनं चित्रीकरण आहे. त्यात त्या काय करतात ते तिसऱ्यांदा बघताना लक्षात आलं. कात्री जागेवरच राहते, कागद फिरतो. माझी आजी दिवाळीत कंदिलाच्या झिरमिळ्या अशाच कापायची, हे मला तेव्हा आठवलं. पाचवी म्हातारी जमली.

सांधे हा त्याहून नाजूक मामला. जुन्या इअरफोनची वायर सोलून आतली तांब्याची तार घेतली. दाभणाने भोक, त्यातून तार, दोन्ही टोकांना चपटं वेटोळं. ढिलं राहिलं की हात लोंबतो, घट्ट झालं की हात हलवताना खांदाही हलतो. आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. कोपराला जिथे दोन तुकडे जुळतात तिथे दोन्ही टोकं एकाच मापाची गोल हवीत. आम्ही शर्टाचं बटण ठेवून गोल आखले. नाहीतर हात वाकवला की काळ्या कडेत एक टोक बाहेर येतं, आणि सावलीत कडेशिवाय दुसरं काही नसल्यामुळे डोळा नेमका तिथेच जातो.

सासरे, आमचे अण्णा, तोपर्यंत पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. त्यांनी पस्तीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवली. ऑफसेट आल्यावर त्या छापखान्याचं जे व्हायचं ते झालं, पण बोटांची सवय गेलेली नाही. मी मुलांना सांगत होते की रायनिगरच्या बाहुल्यांमध्ये पुठ्ठ्याबरोबर शिशाचे पातळ पत्रेही असायचे. त्यांच्या वजनाने बाहुली काचेला चिकटून राहायची, दिलेली पोज सोडायची नाही.

“शिसं?” अण्णांनी पेपर खाली ठेवला. “मग बाई शहाणी. पण पोरांच्या हातात शिसं देऊ नकोस.”

शिसं नाही दिलं. अण्णांनीच तोड काढली. सावलीच्या आत काय आहे ते दिसतच नाही ना? मग बाहुलीच्या पाठीवर हार्डवेअरवाल्याकडचे वॉशर चिकटवायचे, कडेच्या बाहेर आले नाहीत म्हणजे झालं. रुपयाला दोन या भावाचे वॉशर लागले आणि म्हातारी जागेवर राहायला लागली. त्या दिवसापासून अण्णा या कामात पडले, ते शेवटपर्यंत.

हिशोबही त्यांनीच हातात घेतला. आम्ही सेकंदाला बारा चित्रं धरली होती. मोठ्या पडद्यावर चोवीस असतात, पण प्रत्येक चित्र दोनदा दाखवलं तर काम अर्ध्यावर येतं आणि डोळ्याला फार फरक कळत नाही. अण्णांनी आलेखाच्या वहीत रकाने पाडले. एका ओळीत एक फ्रेम, रकान्यांमध्ये डोकं, काठी, डावं पाऊल, उजवं पाऊल, भोपळा. हस्तलिखित नुसतं चाळून किती पानं भरतील ते सांगायचा त्यांचा जन्माचा धंदा. त्यांनी गोष्ट दोनदा ऐकून सांगितलं, “तेराशे फ्रेम.” शेवटी १,२९६ झाल्या. टाकून दिलेल्या वेगळ्या, त्या सहाशेच्या पुढे असतील.

पहिला शॉट म्हातारी चालत येते एवढाच होता. पुतण्याने शंभरेक फ्रेम घेतल्या, आम्ही चालवून पाहिलं. म्हातारी चालत होती, पण कुणीतरी दोऱ्याने ओढत असल्यासारखी. काठी पुढे, मग उजवं पाऊल, मग पुन्हा काठी, मग डावं. मोबाइलच्या त्या आठ-नऊ सेकंदांकडे आम्ही तिघं बघत बसलो, काय चुकतंय ते सांगता येईना.

अण्णा उठले. त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, काठी उजव्या हातात असते. ते हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. “बघितलंत? काठी आणि दुखरा पाय बरोबर पडतात. काठी एकटी कधी जात नाही. आणि चांगला पाय पटकन येतो, कारण दुखऱ्यावर भार फार वेळ ठेवायचा नसतो.”

मुलीने स्टॉपवॉच लावलं. अण्णांना आणखी तीन फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्या फेरीला ते म्हणाले, “माझा पगार कोण देणार?” काठी आणि डावं पाऊल पुढे यायला जवळजवळ पाऊण सेकंद, म्हणजे नऊ फ्रेम. उजवं पाऊल चार फ्रेममध्ये. वहीत तसे रकाने बदलले. डावं पाऊल टेकलं की डोकं एक मिलिमीटर खाली, उजवं टेकलं की वर. पुन्हा शंभर फ्रेम घेतल्या. या वेळी आलेली म्हातारी दमलेली होती, तिचा डावा गुडघा दुखत होता आणि नाकासमोर बघत ती लेकीकडे निघाली होती. चेहरा तोच, काळा कार्डशीटचा, एका भोकाचा डोळा.

सावलीत भुवई नाही, ओठ नाहीत, चेहऱ्यावर काही लिहिता येत नाही. रंगीत चित्रातल्या चुका रंगाखाली लपतात. इथे हालचाल चुकली की संपलंच. रायनिगर बाईंच्या चित्रपटात पात्रांची बोटं कशी हलतात ते मी त्यानंतर पुन्हा पाहिलं, आणि गॅरेजवरच्या त्या माळ्यावर घालवलेली तीन वर्षं मला एकदम कमी वाटायला लागली.

मग भोपळा. मुलांचा आग्रह की भोपळा उतारावरून गडगडत आला पाहिजे. गोल भोपळा कापला, एका फ्रेममध्ये थोडा फिरवून पुढे सरकवला, असं चाळीस वेळा. चालवून पाहिलं तर भोपळा गडगडत नव्हता, सरकत होता. साहजिक आहे, पण आधी कुणाला सुचलं नाही. काळं वर्तुळ फिरलं काय अन् न फिरता सरकलं काय, सावली तीच! मग ब्लेडने भोपळ्याला उभ्या बारीक चिरा पाडल्या, त्यातून उजेड आला आणि फिरणं दिसायला लागलं. पण मुलीने दुसरी शंका काढली. आत म्हातारी आहे हे कसं कळणार? त्यावर तिचाच उपाय, भोपळ्याला खिडकी करायची आणि त्यातून म्हातारीचं नाक बाहेर. नाक छान दिसलं. फक्त भोपळा गडगडला की नाक खाली जमिनीत जायचं आणि म्हातारी उलटी व्हायची.

“ती टुणूक टुणूक जाते,” अण्णा म्हणाले. “गडगडत जाते असं कुठल्या आजीने सांगितलंय?”

आणि खरंच की. तर मग उडी. कागद दाबता येत नाही, ताणता येत नाही. म्हणून तीन भोपळे कापले. चपटा, लांबट आणि गोल. जमिनीवर आपटताना चपटा एक फ्रेम, वर जाताना लांबट दोन, वर हवेत गोल चार, खाली येताना लांबट दोन, आपटताना पुन्हा चपटा एक. एका उडीला दहा फ्रेम. हवेतले चार गोल एकमेकांच्या अगदी जवळ जवळ ठेवायचे, केसभर अंतराने, म्हणजे वर पोचल्यावर तो क्षणभर रेंगाळल्यासारखा वाटतो. लांबट भोपळ्यांत मात्र बोटबोट अंतर. पहिली उडी मोबाइलवर चालली तेव्हा पुतण्या “टुणूक!” असं मोठ्याने ओरडला. आवाज अजून भरलेला नव्हता, तरी आम्हाला तो ऐकू आला.

डोंगरांसाठी बटर पेपरच वापरला. एक थर म्हणजे फिका राखाडी, दोन थर म्हणजे त्याहून गडद, तीन थर म्हणजे समोरची टेकडी. रायनिगरच्या पार्श्वभूमीतही पातळ कागदांचे असेच थर आहेत. आणि रात्रीच्या प्रसंगाला पॅनलवर निळा जिलेटीन कागद टाकला, आकाशकंदिलाला लावतो तो, माळ्यावर दोन वर्षं पडून होता. मूळ चित्रपटातही प्रसंगाप्रमाणे सगळी चौकट निळी, पिवळी, हिरवी होते. ही काही आमची अक्कल नाही.

तांत्रिक कटकटी थोडक्यात सांगते, कारण त्यांत गंमत काही नाही. मोबाइलचा उजेड आणि फोकस आपोआप बदलायला ठेवला तर काळी बाहुली पुढे आली की आकाश उजळतं, म्हणून दोन्ही कुलूपबंद करायचे. एलईडी पॅनलमुळे चित्रात आडवे पट्टे यायचे. शटरचा वेग एक पन्नासांश सेकंदावर नेल्यावर गेले, आपली वीज पन्नास हर्ट्झची आहे म्हणून. खिडक्यांना काळी चादर. आणि मोबाइल एअरप्लेन मोडवर, हे पहिल्या दिवशी एका विमा विकणाऱ्याने शिकवलं. फोन थरथरला आणि कॅमेरा दीड अंश फिरला.

खरा अपघात विसाव्या दिवशी झाला. वाघ समोर येतो तो शॉट, सत्त्याऐंशी फ्रेम झाल्या होत्या, आम्ही जेवायला उठलो. कामाला येणाऱ्या मावशींनी इतके दिवस काचेला हात लावला नव्हता, कारण मुलीने ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. त्या दिवशी चिठ्ठी पडली होती. मावशींनी काच ओल्या फडक्याने लख्ख पुसली आणि म्हातारी, वाघ, झाडं, डोंगर असं सगळं नीट गोळा करून श्रीखंडाच्या डब्यात भरून ठेवलं. वर मला सांगितलं, “ताई, कागदाचा किती पसारा झाला होता!”

मुलगी रडली. मी मावशींना काही बोलले नाही. काय बोलणार, काच इतकी स्वच्छ सव्वीस दिवसांत तेव्हाच होती.

फ्रेम घ्यायच्या मोबाइल अॅपमध्ये मागची फ्रेम पुसट दिसायची सोय असते, तिला ओनियन स्किन म्हणतात. त्या पुसट सावलीवर एकेक तुकडा ताडून बसवायला दोन तास लागले. अण्णा भिंगातून बघत, “वाघाचं शेपूट अजून तांदळाएवढं वर,” असं सांगत होते. तरी सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी यांच्यामध्ये एक झटका राहिलाच. वाघ तसाच आहे, पण म्हातारी एकदम दचकते. पुन्हा पहिल्यापासून घ्यायचं का यावर आमचं मत घेतलं गेलं. मी घ्यायचं म्हणत होते. नवऱ्याने तोपर्यंत या प्रकरणात फक्त उकडतंय अशी तक्रार केली होती, तो म्हणाला, “तिथेच डरकाळी टाका.”

डरकाळी त्यानेच दिली. कपड्यांच्या कपाटात तोंड घालून, कारण तिथे आवाज घुमत नाही. भोपळ्याचं टुणूक म्हणजे स्टीलच्या डब्याला ताणून लावलेलं रबरबँड. म्हातारीचा आवाज पुतण्याचा. इंग्रजी माध्यमाचं पोरगं, पण ‘जाडजूड होते, मग मला खा’ असं काही ठसक्यात म्हणाला की तेच ठेवलं.

मध्येच एकदा अण्णांनी मुलांना फाळक्यांची गोष्ट सांगितली. पहिला चित्रपट काढायच्या आधी, १९१२ च्या सुमारास, फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा ठेवून रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर अंकुर सरसर वाढताना बघून भांडवल घालणारा माणूस पटला. १९१५ साली त्यांनी आगकाड्यांना नाचवणारी फिल्मही केली. म्हणजे रायनिगरच्या आधी आपल्याकडे हे चाललं होतं, एवढं अण्णांना म्हणायचं होतं. मुलांनी लगेच कुंडीत वाटाणा पेरला. त्याला रोज पाणी घालणं मात्र माझ्याकडे आलं, आणि चित्रण तिसऱ्या दिवशी थांबलं.

मला स्वतःला सारखी आठवण यायची ती पिंगुळीची. दोन वर्षांपूर्वी कुडाळला गेलो होतो, तिथून जवळच. ठाकर समाजातल्या कलाकारांच्या चामड्याच्या बाहुल्या तिथे गोठ्यात उभारलेल्या संग्रहालयात पाहिल्या होत्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. त्या बाहुलीच्या हाताला काठी असते आणि काठी माणसाच्या हातात. माणूस हलवतो, त्याच क्षणी सावली हलते. आमच्या काचेवर उलटं होतं. फ्रेम घेताना सगळे श्वास रोखून उभे, काहीच हलत नसायचं. म्हातारी हलायची ती रात्री, सगळं चालवून पाहताना.

प्रिन्स आखमेदची मूळ जर्मन निगेटिव्ह दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी बर्लिनमध्ये नष्ट झाली. आज आपण पाहतो ती लंडनच्या संग्रहातल्या प्रतीवरून सावरलेली. हे वाचल्यावर मी आमच्या १,२९६ फ्रेम तीन ठिकाणी साठवल्या, त्यातलं एक ठिकाण माझ्या बहिणीचा लॅपटॉप. तिला अजून माहीत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी सोसायटीतल्या एकांचा प्रोजेक्टर मागून आणला, हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर लावली. पंधरा-सोळा जणं मावली. पंखा फुल स्पीडवर. मावशींनाही बोलावलं होतं, त्या दारातच उभ्या राहिल्या. चित्रपट एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांचा, त्यामुळे उशिरा येणाऱ्यांसाठी चार वेळा दाखवावा लागला. दर वेळी वाघाने डरकाळी फोडली की म्हातारी दचकायची आणि खालच्या मजल्यावरचं बाळ टाळ्या वाजवायचं. “कसलं बरोबर दचकवलंय,” शेजारच्या काकू म्हणाल्या. मावशी माझ्याकडे बघून हसल्या. मी पण हसले.

अण्णा पहिल्या रांगेत, गुडघ्यावर काठी आडवी ठेवून. चौथ्या वेळीही ते हसले नाहीत. दिवे लागल्यावर त्यांनी वही उघडली, मागच्या कोऱ्या पानावर रकाने पाडायला घेतले आणि मुलीला जवळ बोलावलं.

“कोल्ह्याचं शेपूट लाकडासारखं हलतंय,” ते म्हणाले. “दोन सांधे पुरत नाहीत. चार लागतील. तार आहे का गं अजून?”